कावीळ उतरली

माझ्या तोंडात तीळ भिजत न्हाई, हे टेंभुर्णीतलं शेंबडं पोरगं बी सांगंल. म्हून दादानं संभाजीनगरच्या दवाखान्याच्या जिन्यात मला थांबवून शपथ घातली, तव्हा मला त्याचा रागच आला. म्हणला, बेबीनंदा, वैनीला यातलं एक अक्षर कळता कामा न्हाई. तिला सांगायचं, पित्ताच्या नळीत खडा अडकल्ता, डॉक्टरनं काढला. डॉक्टरबाईंनी नुकतंच आम्हा दोघांना खोलीत बसवून सांगितल्तं, की वैनीला पित्ताशयाचा कॅन्सर हाये, लिव्हरमधी शिरलाय आणि आता कापून काढता येणार न्हाई.

दादा म्हंजी धर्मराज, झेडपीचा मास्तर. पंचशीला त्याची बायको, माझी वैनी. मी नवऱ्याचं घर सोडून आले, तव्हा सख्खा भाऊ उंबऱ्यात विचार करत उभा होता. हिनं माझी बॅग उचलून आत नेली आणि पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन मांडून दिली. नणंद-भावजयीचं पटत न्हाई म्हणत्यात. आमचं भांडण रोज व्हायचं, पण तिच्या हातचा चहा घेतल्याबिगर माझी मशीन सुरू होत नव्हती.

तिला पित्ताशयात खडे हायेत, हे लई वर्षांपासून आम्हाला ठाऊक होतं. जालन्याच्या एका डॉक्टरनं सोनोग्राफी करून पिशवी काढून टाका म्हणून सांगितल्तं. हिनं ऐकलं न्हाई. लग्नातलं तेलकट खाल्लं की उजव्या बरगडीखाली दुखायचं, कळ पार खांद्यापर्यंत जायची. मंग ही बाई गॅसची गोळी घ्यायची, पोट दाबून पडायची आणि सकाळी उठून भाकरी थापायची. दुखायचं थांबलं की म्हणायची, बघ, गेलं का न्हाई, उगं कशाला कापाकापी? आम्ही बी मंग गप बसायचो.

औंदा तिची भूक गेली. ब्लाउज ढिले व्हायला लागले. मीच शिवलेले, मीच आत घेतले, आणि वर चेष्टा केली की हिरोइन व्हायचंय का या वयात. मंग अंगाला खाज सुटली. लघवी मोहरीच्या तेलावानी, संडास मातीसारखी पांढुरकी, आणि एक दिवस डोळे पिवळे. ताप न्हाई, दुखणं न्हाई. सगळी गल्ली म्हणली, कावीळ झाली.

आणि कावीळ म्हणलं की आमच्याकडं दवाखान्यात कोण जातं? संपतमामाची माळ. शेजारच्या गावचा शेतकरी माणूस, रविवारी सकाळी उपाशीपोटी गेलं की कसल्यातरी झाडाच्या काड्यांची माळ गळ्यात घालतो. माळ आपसूक लांबत जाती आणि ती जशी खाली उतरती तशी कावीळ उतरती, असं म्हणत्यात. तेल बंद, हळद बंद, उसाचा रस आणि फुटाणे. आणि सगळ्यात मोठं पथ्य म्हंजी माळ गळ्यात असेस्तोवर दुसरं औषध घ्यायचं न्हाई.

आता आमचं घर कसं, तर आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून या उंबऱ्याच्या आत अंगारा आला न्हाई. दादा तर असा कडक, की दारात कुणी ताईत विकाया आला तर त्याला अर्धा घंटा विज्ञान शिकवून पाठवायचा. पण माळेला त्यो भुलला. म्हणला, यात बुवाबाजी कुठं हाये? ना नारळ, ना मंतर, मामा एक पैसा घेत न्हाई. हा झाडपाला हाये, हे औषध हाये. देव मागच्या दारानं आला असता तर आम्ही हाकलला असता. ही माळ पुढच्या दारानं आली आणि मास्तरनं स्वतः मोटरसायकलवर बसवून आणली.

माळ बराबर लांबली. छातीवरून बेंबीपर्यंत, तिथून गुडघ्यापर्यंत. दादा खूश. आणि वैनी रात्रंदिवस खाजवून रक्त काढून राह्यली होती, डोळे तर लिंबावानी पिवळे. मी दादाशी कडाकडा भांडले. म्हणलं, माळ उतरली पण कावीळ चढून राह्यली, तुला डोळे हायेत का न्हाई? आणि दुसऱ्या दिवशी तिला एसटीत बसवून जालन्याला घेऊन गेले. तिथं सोनोग्राफी झाली. डॉक्टर पडद्यावरची नजर न काढता मला म्हणला, घरच्या माणसाला बोलवा, थांबू नका.

पुढं संभाजीनगरला मोठ्या मशीनमधी फोटो काढले, सुईनं तुकडा काढून तपासला, आणि तोंडावाटे दुर्बीण घालून पित्ताच्या बंद नळीत एक बारीक नळी बसवली. डॉक्टरबाई चांगल्या होत्या, नीट समजावून सांगत होत्या. खडे असलेल्या सगळ्यांनाच असं होत न्हाई, म्हणल्या, बहुतेकांना कधीच होत न्हाई. पण खडे वर्षानुवर्षं आत राहिले तर धोका वाढतो, बायकांमधी जास्त, वय झाल्यावर जास्त. आणि हा आजार आत गुपचूप वाढतो, कावीळ दिसते तव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. दादानं माळेचं विचारलं. त्या म्हणल्या, ओल्या काड्या वाळून बारीक होतात, दोरा सैल पडतो, खुंटीला टांगली तरी लांबेल. मला त्याची कीव आली आणि थोबाडीत बी मारावी वाटली.

शेवटी त्या म्हणल्या, कावीळ उतरली की लगेच केमो सुरू करू. बरा होणार न्हाई आजार, पण दिवस मिळतील, चांगले दिवस मिळतील. उशीर केला तर तेही न्हाई. आणि पेशंटला सांगा, तो त्यांचा हक्क आहे. दादानं हात जोडले. म्हणला, मॅडम, ती ऐकूनच मरंल. त्याच्यानंतर जिन्यात ती शपथ.

नळीनं आपलं काम केलं. खाज थांबली, डोळे पांढरे झाले, वैनी दोन घास जास्त जेवायला लागली. आणि झालं भलतंच. बाई म्हणायला लागली, मी बरी झाले. माळेनं कावीळ उतरवली, राह्यलेला खडा डॉक्टरनं काढला, आता काय? दादा म्हणायचा, संभाजीनगरला चल, खड्याच्या जागी औषध सोडायचंय. ती म्हणायची, धडधाकट माणसाला कशाला औषध, तुमचं आपलं कायतरीच. तारीख आली आणि गेली. दुसरी आली, ती बी गेली. त्याला कारण सांगता येईना आणि तिला कारणाबिगर हलवता येईना. मी दादाला म्हणलं, कोंबडं झाकलं म्हून तांबडं फुटायचं राहत न्हाई, सांगून टाक. तर माझ्या पाया पडायला लागला. मोठा भाऊ! मी मशीनवर बसायचे आणि शिवण वाकडी जायची.

मंग एक दिवस दुपारी खैरुनआपा आली. मागच्या गल्लीतली, वैनीची जुनी मैत्रीण. पदरानं तोंड पुसत बसली, तर तिचे डोळे पिवळे. हातावर खाजवल्याचे ओरखडे. म्हणली, शीला, तू कशी बरी झाली ते बोल, भूक बिलकुल न्हाई गं. वैनीचा चेहरा फुलला. रविवारी संपतमामाकडं जा म्हणली, उपाशीपोटी, आणि माळ उतरेस्तोवर दुसरं काही घेऊ नको, दवाखान्याच्या नादी तर लागूच नको. मला बघ.

माझा पाय मशीनवर थांबला. दादाची शपथ डोक्यात होती आणि समोर ते पिवळे डोळे.

"वैनी, तिला माळेकडं पाठवू नको," मी म्हणले.

"का गं? मला लागू पडली न्हाई का?"

"तुझी कावीळ माळेनं उतरली न्हाई. आत नळी बसवलीया, तिनं उतरली."

"हां, खडा काढला तव्हाच ना."

"खडा नव्हता, वैनी. कॅन्सर हाये."

खैरुनआपा तोंडातल्या तोंडात या अल्ला म्हणली. वैनीनं माझ्याकडं बघितलं. मंग ती आपाकडं वळली.

"आपा, उद्या पयल्या गाडीनं जालन्याला जा. ही बेबी येईल संगं. माळ घालू नको."

आपा गेल्यावर तिनं विचारलं, आत अजून हाये का. मी हाये म्हणले. औषधानं जाईल का, म्हणली. जाणार न्हाई, दिवस मिळतील, जल्दी सुरू केलं तर, मी म्हणले. मंग ती रडली. मी बी रडले, माझ्यासाठीच जास्त, कारण ही गेल्यावर या घरात माझं कोण? तिनंच मला पाठीवर थोपटलं, मला! तोंड धुऊन आली आणि म्हणली, "त्यांना सांगू नको मला कळलं म्हून. त्यांना झेपायचं न्हाई."

संध्याकाळी दादा शाळेतून आला. तिनं चहा दिला आणि सहज म्हणल्यावानी म्हणली, "ते खड्याचं औषध घेऊन टाकू म्हणते. कव्हा जायचं?"

दादानं कप तसाच खाली ठेवला. उद्याच फोन करतो म्हणला, उद्या कशाला, आत्ताच. बाहेर जाऊन डॉक्टरबाईंशी बोलला, परत आला आणि माझ्याकडं चुलीपाशी येऊन बसला. डोळे पाण्यानं भरलेले. हळूच म्हणला, "बघ बेबी, सांगितलं न्हाई तेच बरं झालं. कळलं असतं तर आली असती का ती?"

मी भाकरी उलटली आणि व्हय म्हणले.