टेबलाखालची तिरकी वायर

आमच्या ह्यांनी जन्मभर लोकांच्या घरांत फरशा बसवल्या. आता निवृत्त झालेत, पण हात काही निवृत्त व्हायला तयार नाहीत. भिंतीवरचं घड्याळ केसभर कललं तरी ह्यांना घास गोड लागत नाही. दारातल्या चपला, ताटातला चमचा, माझ्या नाकावरचा चष्मा, दिसेल ते सरळ करत फिरतात. तीस वर्षं मी हे सोसतेय, अर्थात मुकाट्याने नाही.

त्या दिवशी मात्र माझं डोकंच फिरलं. पन्नाशी उलटल्यावर मी कॉम्प्युटरवर स्वयंपाकघरांचे आराखडे काढायला शिकले. नाकी नऊ आले, पण शिकले. माझं पहिलंवहिलं गिऱ्हाईक म्हणजे दाताच्या एक डॉक्टरीणबाई. त्या चार वाजता आपलं नवं स्वयंपाकघर पडद्यावर बघायला येणार होत्या. दोनला बटण दाबलं, तर पडदा काळा ठिक्कर आणि मधोमध अक्षरं: सिग्नल नाही. टेबलाखालच्या कॉम्प्युटरच्या डब्यातला पंखा आपला मजेत घरघरत होता.

कशाला हात लावलात, म्हणून ह्यांना विचारलं. सकाळी फक्त धूळ पुसली, म्हणाले. मग आमची झटापट सुरू झाली. प्लग काढून लावला, सगळं बंद करून चालू केलं, पडद्याची वायर दोन्ही टोकांना दाबून पाहिली. ह्यांनी तर पडदा गेला असं गंभीर चेहऱ्याने जाहीरही करून टाकलं. तीन वाजले. एवढं शिकून पहिल्याच बाईसमोर तोंडघशी पडायचं, या विचाराने मला रडूच कोसळलं. ते बघून हे वरमले आणि त्यांनी आपल्या बहिणीला फोन लावला.

माझी नणंद एका ऑफिसात कॉम्प्युटर दुरुस्त करते. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि भावाला एकच प्रश्न विचारला.

"दादा, खरं सांग, तू काय सरळ केलंस?"

हे कान खाजवायला लागले. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. पडद्याची वायर डब्याच्या मागे खालच्या भोकात होती आणि टेबलाखालून तिरकी जायची. वर अगदी तसंच एक भोक रिकामं होतं, प्लास्टिकचं टोपण लावलेलं. तिथे ती ओळंबा सोडल्यासारखी सरळ येत होती. म्हणून वायर वर घातली आणि टोपण खाली लावून टाकलं.

नणंद फोनवरच हसत सुटली. चित्रांसाठी वेगळं कार्ड बसवलंय ते खाली, म्हणाली, आणि ते असताना वरचं भोक बंदच असतं. हे लगेच टेबलाखाली शिरले. वायर पुन्हा खाली गेली, बटण दाबलं, आणि ओटा, कपाटं, खिडकी, सगळं पडद्यावर हजर. माझा जीव भांड्यात पडला.

डॉक्टरीणबाई साडेपाचपर्यंत बसल्या, दोन कपाटं बदलून घेतली आणि काम मलाच देऊन गेल्या. मी इतकी खूश होते की ह्यांच्यावरचा राग शोधूनही सापडेना.

दुसऱ्या दिवशी केर काढताना डब्यामागे एक चिठ्ठी दिसली. ह्यांचं अक्षर, पट्टीने रेघा मारून लिहिलेलं: ही वायर वाकडी आहे. वाकडीच राहू दे.

चिठ्ठीसुद्धा त्यांनी वायरच्या रेषेत, तिरकीच चिकटवली होती. तीस वर्षांत ह्या माणसाने माझ्यासाठी याहून मोठं काही केलेलं नाही.