पुठ्ठ्याआडचा मेकॅनिक

त्या बाईंच्या पत्राला मी बरेच दिवस उत्तर दिलं नव्हतं. काय लिहायचं ते ठाऊक होतं; धीर होत नव्हता.

पहिल्यावहिल्या वैमानिकांचे सहीचे फोटो जमवण्यात माझं आयुष्य गेलं. त्यांतला सर्वांत दुर्मीळ बैठकीच्या खोलीत टांगलेला होता: विमानाला टेकलेला वैमानिक, खाली निळ्या शाईतली त्याची सही. संग्राहकांच्या मासिकात मी त्यावर चार ओळी लिहिल्या होत्या. त्या वाचून बाईंनी कळवलं होतं, 'त्याच फोटोत माझे वडील आहेत, असं आई सांगायची. ते विमानाचे मेकॅनिक. मी पाळण्यात असतानाच ते गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही. मला आता एकाच डोळ्याने दिसतं, तेही किती दिवस कोण जाणे.'

माझ्या फोटोत वैमानिक एकटाच दिसत होता. भोवतालच्या माणसांना आम्ही संग्राहक 'गर्दी' म्हणतो आणि खिडकी कापलेला पुठ्ठा वर चिकटवून ती झाकतो. मीही झाकली होती. खळ मात्र सहीच्या शेपटीपर्यंत गेली होती. पुठ्ठा काढायचा तर वाफ द्यावी लागणार, आणि वाफेने शाई पसरणार.

"अहो, त्या बाईंना लिहिलंत का?" ही रोज विचारायची.

"बघतो."

"तुम्ही आयुष्यभर बघितलंत. आता त्यांना बघू द्या."

"आणि सही गेली तर?"

"सही करणारा कधीच गेला. सहीला काय अमरपट्टा दिलाय?"

वाद घालायचं बळ उरलं नव्हतं. मी फोटो उतरवला. हिने वाफाळती किटली धरली, मी सुरीने पुठ्ठ्याची कड उचलत गेलो. सही आधी फुगली, मग तिचा ओघळ झाला. माझा हात थांबला.

"आता थांबून काय मिळणार?" ही हळूच म्हणाली.

पुठ्ठा निघाला. विमानाच्या नाकावरच्या पंख्याच्या पात्याशी एक बुटका माणूस उभा होता. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हातात फडकं, तोंडभर हसू.

"बघा या पठ्ठ्याला! जणू उडणार तोच आहे."

"पण हेच त्यांचे वडील कशावरून?"

"मग फडकं काय वैमानिकाच्या हातात असणार? धन्य आहे तुमची!"

मी तीन कागद फाडले. पहिल्यात फोटोचा सगळा इतिहास झाला होता, दुसऱ्यात नुसती दिलगिरी, तिसऱ्यात दोन्ही. शेवटी लिहिलं, 'आपले वडील पंख्याजवळ उभे आहेत. हसताहेत. सही पुसली आहे. फोटो आपल्याकडेच ठेवावा.'

टपाल कचेरीत रांग होती. पाय दुखायला लागले.

"विमा उतरवायचा का, आजोबा? आतल्या वस्तूची किंमत किती लिहू?" खिडकीतल्या कारकुनाने विचारलं.

"ते मला नाही सांगता येणार."

"मग नुसतं रजिस्टर करतो."

त्याने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.