लाल बाणांची सात पाने

मी एक जुनी दोनशे पानी वही आहे आणि मला राग आलेला आहे. वहीला कसला आलाय राग, असे म्हणाल, तर मित्रांनो, आधी माझी सात पाने कशी फाटली ते ऐका.

वह्यांच्या कारखान्यात मोठे कागद मधोमध दुमडतात, एकात एक बसवतात आणि बरोबर मधून टाका घालतात. म्हणून आमचे प्रत्येक पान जोडीने जन्मते. पुढचे एक आणि मागचे एक, मिळून एकच कागद. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला विकत घेतले ते शर्ट शिवणाऱ्या एका कारखान्यातल्या मुलीने. ती काजांच्या मशीनवर बसे, म्हणून सगळ्या तिला काजवाली म्हणत. त्या हॉलमध्ये चाळीस बायका आणि सगळ्यांची एकच मालिका. डब्याच्या सुट्टीत कालच्या भागाचा नुसता कीस पडायचा. मालिकेत एक डॉक्टरीणबाई होत्या आणि एक फौजदारीणबाई. फौजदारीणबाईंच्या खांद्याला गोळी लागली, डॉक्टरीणबाईंनी ती काढली आणि हात झोळीत असल्यामुळे त्यांच्या गणवेशाची बटणेही लावून दिली. चार बटणे, पण त्यांना अख्खा भाग पुरला.

"बटण लावायला एवढा वेळ लागत नाही," काजवाली दुसऱ्या दिवशी म्हणाली. "मी रोज शेकड्यांनी काजं करते, मला सांगू नका. हे प्रेम आहे."

हॉल हसला, पण नाही कुणी म्हणाले नाही. आणि मालिकेने काय करावे? फौजदारीणबाईंची बदली केली आणि डॉक्टरीणबाईंचा साखरपुडा एका बंगलेवाल्याशी लावून दिला. काजवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याच संध्याकाळी ती मला घेऊन आली आणि पुढची गोष्ट स्वतः लिहू लागली. माझ्या गोष्टीत बदली रद्द झाली, बंगलेवाला परदेशी गेला तो गेलाच, आणि त्या दोघी दवाखान्याच्या पायरीवर चहा पीत बसू लागल्या.

काय दिवस होते ते! मी या मशीनवरून त्या मशीनवर फिरत असे. जिचे वाचून जिथे थांबेल, तिथे ती आपल्या रंगाचा दोरा ठेवी. पट्टीवालीचा हिरवा, बाहीवालीचा पिवळा. माझ्या पोटात रोज सात-आठ दोरे असत आणि ते रोज पुढे सरकत. फक्त एक जांभळा दोरा पुढे जाऊन पुन्हा मागे येई. तो कॉलरवालीचा. ज्या पानावर डॉक्टरीणबाई म्हणतात, "मला तुझ्या घरी राहायचंय, पाहुणी म्हणून नाही," त्या पानावर तो परत येऊन बसे. काजवाली हे पाहायची आणि कुणाला काही बोलायची नाही.

मग मी ताईच्या हाती लागले.

ताई म्हणजे काजवालीची सख्खी थोरली बहीण. ती चेकिंगच्या टेबलावर होती. शर्टात टाका सुटलेला, काज वाकडे, काहीही दिसले की ताई तिथे कागदाचा छोटा लाल बाण चिकटवी आणि तो शर्ट दुरुस्तीला परत जाई. तिने मला वाचले आणि सवयीने बाण चिकटवले. दोघींनी हात धरला, एक बाण. कपाळाची पापी घेतली, दोन बाण. सात पाने, एकोणीस बाण! मी काय सदरा आहे?

"हे काय लिहिलंयस? दोन बायका?" ताईने विचारले.

"मालिकेतल्या आहेत गं, ताई."

"मालिकेतल्या असोत नाहीतर चंद्रावरच्या. आईने वाचलं तर? लोक म्हणतील, हिच्याच मनात हे आहे. दुरुस्त कर, नाहीतर मी आईला दाखवते."

तिच्याच मनात ते होते, म्हणूनच काजवाली पांढरीफटक पडली. आणि मित्रांनो, पाने ताईने नाही फाडली. जिने लिहिली तिनेच फाडली! सातही. चिंध्यांच्या पोत्यात टाकली. पुढची सात गेली तशी मागची त्यांची सात जोडीदार पाने सुटून लोंबू लागली. त्यांनी काय केले होते? ती तर कोरी होती.

एवढ्यावर थांबली असती तरी मी गिळले असते. पण तिने माझ्यावर नवा शेवट लिहिला. त्या दोघी म्हणे लहानपणी स्टेशनवर ताटातूट झालेल्या सख्ख्या बहिणी निघाल्या! दोघींच्या मानेवर सारखाच तीळ! माझ्या अंगावर शाई नव्हे, चिखल फेकल्यासारखे वाटले.

"बहिणी?" पट्टीवाली हॉलभर ऐकू जाईल असे ओरडली. "अगं, मग त्या बटणांचं काय?"

सगळ्या हसल्या. कॉलरवाली हसली नाही. तिने आपला जांभळा दोरा काढून घेतला आणि त्या दिवसापासून ती डबा खायला दुसऱ्या खिडकीशी बसू लागली. काजवाली डबा न उघडताच मशीनवर परत जाऊ लागली. मला म्हणाल तर तिची जराही दया आली नाही.

आठवड्याने कॉलरवाली मला मागून घेऊन गेली. ती कापडाचे तुकडे शोधायला चिंध्यांच्या पोत्याशी गेली होती आणि तिला माझी सात पाने सापडली होती. डब्याच्या सुट्टीत, बाकीची मशीन बंद असताना, तिने नखाने एकेक बाण खरवडून काढला, सुटलेल्या पानांना त्यांच्या जोडीदारांशी जुळवले आणि मला कॉलरच्या मशीनखाली घातले. सुई लागली. दुखले. पण ते दुखणे वेगळे होते.

मग तिने मला काजवालीपुढे ठेवले.

"कॉलर उलटी लागली तर आपण उसवून सरळ लावतो. शर्ट चिंध्यांत टाकत नाही."

"ताई म्हणाली..."

"फाडली कोणी?"

काजवालीने मला आपल्याकडे ओढले.

"ती पानं मी परत परत वाचायचे," कॉलरवाली म्हणाली. "मला वाटायचं, माझ्यासाठीच लिहिलीस. मग बहिणींचं वाचलं. वाटलं, मलाच सांगतेयस, तसलं काही मनात आणू नकोस."

"तुझ्यासाठीच लिहिली होती," काजवाली म्हणाली. "आणि घाबरून फाडली."

तिने पेन घेतले आणि तो तीळ, ते स्टेशन, त्या सख्ख्या बहिणी, सगळ्यावर काट मारली. इतकी जोरात की खालच्या तीन पानांवर वळ उठले. ते मात्र मी आनंदाने सोसले. मग ती स्वतः मला घेऊन ताईच्या टेबलाशी गेली आणि त्या सातांतले पहिले पान उघडून ठेवले.

"आईला दाखवायची तर दाखव, ताई. दुरुस्त नाही करणार."

ताईने शिवणीवरून बोट फिरवले, हळूहळू, वरपासून खालपर्यंत, जसे ती शर्टावरून फिरवते. एक लाल बाण तिच्या बोटाच्या टोकावर तयार होता. तो चिकटवायला तिला जागा सापडली नाही. तो तिने टेबलाच्या कडेला चिकटवला आणि मला मिटून परत दिले.

"टाका सरळ आहे," एवढेच ती म्हणाली. आईला तिने काही सांगितले नाही.

मी तिला माफ केलेले नाही. काजवालीलाही अजून पुरते नाही. एकोणीस बाणांचे डाग माझ्या अंगावर आहेत.

तेव्हा मित्रांनो, एखादी गोष्ट नाही आवडली तर वही मिटा; पुठ्ठा त्यासाठीच असतो. पण पान फाडू नका. पुढचे एक फाडाल आणि मागे कुठेतरी त्याचे जोडीदार, ज्याने कुणाचे काही बिघडवले नाही, ते सुटून पडेल. आणि माझ्यातला जांभळा दोरा दिसला, तर ती खूण समजून ओढू नका. आता तो शिवणीत गेलाय, निघायचा नाही.