नाचताना पडली म्हणा

माझ्या सुनेनं पोटुशी असताना नाच सोडला नाई, अन् वडशातल्या अर्ध्या बायांनी त्याचा दोष माझ्या माथी मारला. मारू द्या. मी कुंता, बाजारात मासे विकते, माझं तोंड कसं आहे ते त्यायले ठाऊक आहे. पण देवानंदानं, माझ्या पोटच्या पोरानं, जे केलं अन् मी त्याले जे केलं, ते मीच सांगणार. दुसऱ्या कोणाच्या तोंडून ऐकाल तं त्यात भलतंच मीठमसाला असंल.

रोशनी सिंदेवाहीची. लग्न होऊन आली तेव्हापासून ललिताबाईच्या डान्सच्या क्लासले जायची. ललिताबाई आधी झाडीपट्टीच्या नाटकांत नाचायची. आता ती एका नाटक मंडळाच्या तालमीच्या हॉलमधी दुपारच्या टायमाले बायांकडून व्यायामाचा नाच करून घेते. मोठा स्पीकर लावते, बाया घामाघूम होतात, हसतात, घरी जातात. मागच्या वर्षी रोशनीले दिवस गेले तेव्हा मी तिचा नाच बंद केला होता, घरात बसवून ठेवलं होतं. तरी तिसऱ्या महिन्यात पोट पडलं. तेव्हापासून आमच्या घरात पाळण्याचं नाव कोणी काढत नव्हतं. म्हणून यंदा दिवस गेले अन् पुढच्याच हप्त्यात ही बाई पिशवी घेऊन क्लासले निघाली, तेव्हा माझं डोस्कं फिरलं. मी तिच्या मागं मागं हॉलवर गेली अन् दारातूनच ललिताबाईले शिव्या घातल्या.

ललिताबाई गुमान ऐकत राह्यली. मग खुर्ची दिली, पाणी दिलं, अन् रोशनीले तपासणाऱ्या डॉक्टरणीले फोन लावून माझ्या कानाले दिला. डॉक्टरीण बोलली का, पोरगी आधीपासून नाचणारी आहे, तब्येत बरी आहे, तं नाच बंद करायची गरज नाई. उडी नाई, गिरकी नाई, पाठीवर झोपून व्यायाम नाई. पाणी पित राहायचं. रक्त दिसलं, पोट दुखलं, चक्कर आली का तिथंच थांबायचं अन् दवाखान्यात यायचं. अन् नाचता नाचता बोलता आलं पाहिजे, बोलताना दम तुटला का जास्त झालं समजायचं.

तिले बोलतं ठेवायचं काम मी माझ्याकडं घेतलं. बाजार उरकला का माशाची पाटी अन् गोणपाटात गुंडाळलेली विळी घेऊन मी सरळ हॉलवर, भिंतीजवळच्या खुर्चीवर. गाणं सुरू झालं का मी तिकडून विचारायची, आज भाजीत काय टाकलं, तुझ्या मायचा फोन आला का, शेजारची बुधरी सकाळी कोणाले बोलून राह्यली होती. रोशनी पाय जमिनीले टेकवून नाचायची अन् उत्तर द्यायची. शब्द तुटला का मी ओरडायची, बस खाली. साऱ्या बाया हसायच्या. म्हणायच्या, बाप्पा, ही सासू नाचूही देत नाई अन् घरीही नेत नाई. पाचवा महिना लागला, पोट दिसायले लागलं, पोरीच्या तोंडावर तेज आलं. मलेही तो क्लास आवडायले लागला होता, खोटं काऊन बोलू.

देवानंदाले हे सगळं माहीत होतं. तो राइस मिलमधी पोती उचलायचा, मिल बंद असली का तलावात जाळं टाकायचा. क्लासले त्यानं कधी हो म्हटलं नाई अन् नाई म्हटलं नाई. त्याले वाटे, बायांचा काही तरी टाइमपास आहे.

मग दिवाळी झाली अन् गावोगावच्या मंडया सुरू झाल्या. मंडई म्हणजे दिवसा जत्रा अन् रातभर नाटक, त्यामुळं वडशातल्या मंडळांची लगित घाई असते. नाटकात दोन लावण्या ठेवाव्याच लागतात, नाई तं लोक तिकीट काढत नाईत. आमच्या हॉलवाल्या मंडळाची लावणीवाली नागपूरची, तिनं फोटो धाडलाच नाई. फ्लेक्स छापणाऱ्या झिंगूकडं ललिताबाईनं क्लासच्या जाहिरातीसाठी दिलेला फोटो पडून होता. हॉल तोच, मंडळ तेच, त्याले वाटलं ह्याच नाचणाऱ्या. इथं हिवाळ्यात खांबाखांबावर नाचणारणीचे फोटो असतात, झिंगूनं आयुष्यभर तेच छापलं, त्याले व्यायामाचा नाच काय समजणार. त्यानं फोटोतली सगळ्यात देखणी पाहून उचलली अन् चौकात माझ्या सुनेचा फोटो माणसाएवढा लावला. खाली लाल अक्षरात लिहिलं, लावण्यांचा धमाका.

पानठेल्यावर मिलचे हमाल बसले होते. त्यातल्या लटारूनं देवानंदाले विचारलं का, वहिनी कोणत्या मंडईत नाचून राह्यली, आमच्यासाठी पुढची खुर्ची धरून ठेवशील का. देवानंदानं वर पाहिलं. आधी त्यानं लटारूचं डोकं ठेल्याच्या लोखंडी पट्टीवर आपटलं. मग झिंगूच्या दुकानात शिरला. झिंगू म्हणत होता, चूक झाली भाऊ, आत्ता उतरवतो. त्याचं तोंड काउंटरवर इतक्या वेळा आपटलं का दात सांडले. हे मले मागून समजलं. त्या वेळी मी खुर्चीवर बसून सुनेले विचारत होती का संध्याकाळच्या भातासंगं काय करायचं.

हॉलचं दार लाथेनं उघडलं. देवानंदाच्या हातात बैलगाडीची उभारी होती, कडेचा लाकडी दांडा, बाहेरच्या कोणाच्या गाडीचा उपसून आणलेला. पहिला तडाखा स्पीकरले बसला अन् गाणं बंद झालं. ललिताबाई आडवी आली, तं दुसरा तिच्या खांद्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. बाया किंचाळत दाराकडं पळाल्या. मी त्याले सांगत होती का देवा, थांब, पोरीनं काही केलं नाई. त्यानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाई. उभारी फेकली, रोशनीची वेणी मुठीत धरली अन् तिले फरशीवर खेचलं. ती पोटावर दोन्ही हात धरून, गुडघे जवळ घेऊन पडली. त्यानं लाथ मारली, ती कमरेत बसली.

"नाच आता," तो म्हणाला.

मी रोशनीले हाक मारली. ती बोलली नाई.

लाथेनं ती उताणी झाली होती. त्यानं पाय पुन्हा मागं घेतला, अन् ह्या खेपी त्याचा नेम पोटावर होता. मी त्याची माय आहे, त्याचा राग पाळण्यापासून पाहत आली, कोणी मले शिकवू नये. माझ्या पायाशी विळी होती. गोणपाट कधी सोडलं मले आठवत नाई. पाटासकट उचलली अन् त्याच्या पायावर घातली, तं त्यानं हात मधी आणला. त्या विळीनं मी रोज रोहूची डोकी उतरवते. दोन बोटं फरशीवर पडली, तिसरं कातडीले लोंबत राह्यलं. रक्ताची चिळकांडी माझ्या तोंडावर आली. तो आपल्या हाताकडं पाहत उभा राह्यला, अन् मग "आई" म्हणून खाली बसला. मी विळी टाकली नाई. तो उठला असता तं मी पुन्हा घातली असती.

दवाखान्यात नेईस्तोवर रोशनीचं लुगडं रक्तानं भिजलं होतं. डॉक्टरणीनं पोटावर यंत्र फिरवलं, एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं. मग धकधक ऐकू आली, बारीक अन् भरभर. डॉक्टरीण म्हणाली, लेकरू जिवंत आहे, पण भरवसा देत नाई. पडून राहायचं, उठायचं नाई, अन् पुन्हा मार बसला तं माझ्याकडं आणू नका, मी काही करू शकणार नाई. तेव्हा मी भिंतीले डोकं टेकवून मोठ्यानं रडली.

तिथंच मनसारामभाऊ आले. ते माझे मोठे दीर, समाजातली भांडणं तेच मिटवतात, त्यांचा शब्द कोणी खाली पडू देत नाई. ते देवानंदाच्या खाटेजवळ बसून आले होते. मले बाजूले घेऊन म्हणाले, पोलीस जबाब घ्यायले येऊन राह्यले, त्याच्या आधी आपलं ठरवून टाकू. देवानंद सांगेल का मासे कापताना विळी सटकली, तुझं नाव येणार नाई. अन् सून सांगेल का नाचताना पाय घसरला. दोन जिवाची बाई नाचत होती म्हटलं का पुढचं कोणी विचारणारच नाई. झिंगूले, लटारूले अन् ललितेले मी समजावतो.

खरं सांगते, माझं मन डळमळलं. जेलमधी जायची भीती कोणाले नाई? अन् पोरगा एकच, त्याच्या हाताची मीच माती केली होती, आता त्याले बेड्याही मीच घालू का, असं वाटलं. मी रोशनीजवळ गेली. तिले मनसारामभाऊनं आधीच सांगून ठेवलं होतं. ती छताकडं पाहत होती.

"आई, तुम्ही सांगाल तसं मी बोलते," ती म्हणाली. "पण मग मले ह्यायच्याच संगं घरी जा लागंल ना?"

हो, हेच त्याचं उत्तर होतं. घसरली म्हटलं का ती त्याच्याच घरी जाणार, त्याच खोलीत. उद्या लेकरू गेलं तं सारा गाव म्हणणार, नाचून घालवलं. ह्याच पोटानिशी ती धान निसायची, पाण्याच्या गुंडी वाहायची, महिन्याभरापूर्वी देवानंदानंच तिच्या डोक्यावर तांदळाचं पोतं दिलं होतं. तेव्हा कोणाले तिच्या पोटाची काळजी वाटली नाई. माझ्या अंगाची आग झाली.

हवालदार आला. त्यानं मनसारामभाऊकडून आधीच ऐकून घेतलं होतं, म्हणून मलेच विचारलं का, सून नाचताना पडली हे खरं का. भाऊ माझ्या खांद्याले खांदा लावून उभे होते.

"नाचताना ती एकदाही पडली नाई," मी म्हटलं. "माझ्या पोरानं तिले केसाले धरून पाडलं अन् लाथ घातली. दुसरी पोटावर घालणार होता, म्हणून त्याची बोटं मी तोडली. दोन्ही लिहा. एकच लिहाल तं मी अंगठा देणार नाई."

मनसारामभाऊनं कपाळावर हात मारून घेतला अन् तिथून निघून गेले. त्यानंतर ते माझ्याशी बोललेच नाईत. पण रोशनी बोलायले लागली. पडल्या पडल्या, रडत रडत, तिनं त्या दिवसाचं सांगितलं, अन् आधीचंही सांगितलं, जे मलेही माहीत नव्हतं. हवालदार लिहीत राह्यला.

सिंदेवाहीहून तिची माय आली. मी तिले हात जोडून सांगितलं का, पोरीले इथून परस्पर घेऊन जा, लेकरू झालं तरी इकडं धाडू नका, मी स्वतः दारात येऊन रडली तरी धाडू नका.

देवानंदाले सुट्टी झाली त्या दिवशी पोलिसांची जीप आली, आम्हा दोघांसाठी एकच. आम्हाले मागच्या बाकावर शेजारी बसवलं. तो खिडकीकडं तोंड करून बसला. रस्ता फार खराब. गाडी खड्ड्यात गेली का तो दांडी धरायले पट्टी बांधलेला हात पुढं करे अन् तो हात दांडीवर टिकत नसे. एका खड्ड्यात तो अख्खाच माझ्या अंगावर आला. मले त्याचा राग येत होता अन् मायाही येत होती, दोन्ही एकाच वेळी. मी त्याच्या कमरेत हात घातला अन् ठाणं येईपर्यंत त्याले धरून बसली.