बिंदुमाधव सरांचा घनपाठ

खरी विद्या ती, जी झोपेतून उठवून विचारली तरी अस्खलित तोंडातून बाहेर पडते. गंगेकाठच्या ब्रह्मा घाटावर याबद्दल दुमत नाही. या कसोटीवर बिंदुमाधव सर त्या भागातले विजेचे सर्वांत मोठे जाणकार ठरत. घरातला फ्यूज उडाला की मात्र तो हिमानी बांधत असे. हिमानी त्यांच्या थोरल्या भावाची सून, बँकेत नोकरीला.

थोरले भाऊ विश्वेश्वर, म्हणजे दादा, वेद शिकवत. बिंदुमाधवही त्यांच्याच हाताखाली शिकले आणि घनपाठ अर्धा झाला असताना उठून बी.एस्सी.ला गेले. घनपाठात मंत्रातली पदे पुढेमागे, उलटसुलट गुंफून म्हणतात, म्हणजे एकही गळत नाही. गळला तो फक्त शिष्य. तेव्हापासून दादा त्यांच्याशी हिमानीमार्फत बोलत. ती यायच्या आधी आईमार्फत बोलत. एक वरच्या मजल्यावर, एक खालच्या. व्यवस्था सुरळीत होती.

खाली सरांची इंटरची, म्हणजे अकरावी-बारावीची, शिकवणी चाले. शिकवायची एकच पद्धत त्यांना ठाऊक होती, ती त्यांनी वापरली. गल्लीतून जाणाऱ्या यात्रेकरूंना रोज ऐकू येई: व्होल्ट ओहम, ओहम व्होल्ट, व्होल्ट ओहम अँपिअर, अँपिअर ओहम व्होल्ट, व्होल्ट ओहम अँपिअर. मग ओहम अँपिअर, अँपिअर ओहम, ओहम अँपिअर वॅट. काही जण हात जोडून पुढे जात. निकाल उत्तम लागत.

यंदा माघात दादांच्या छातीत कफ भरला. डॉक्टरांनी गंगेतले पहाटेचे स्नान बंद केले आणि घरी गरम पाण्याने करा म्हणून सांगितले. दादांनी तो हुकूम एखाद्या बदलीच्या ऑर्डरसारखा ऐकून घेतला. तेव्हा सर आपण होऊन जिना चढून वर गेले आणि म्हणाले, पाण्याचे मी बघतो.

दादा हिमानीकडे पाहून म्हणाले, “त्याला सांग, बघू दे. ज्यासाठी ऋग्वेद टाकला, त्याचं बादलीभर फळ तरी दिसू दे.”

म्हणजे प्रश्न बादलीचा राहिला नाही. सरांचे उभे आयुष्य त्या बादलीत पडले.

त्यांनी दीड हजार वॅटचा रॉड आणला. हिशेब तोंडीच केला: एक बादली, फार तर अर्धा तास. पहाटे दादा पंचा नेसून पाटावर बसले. अर्ध्या तासाने सरांनी बटण बंद करून रॉड काढला. दादांनी पाण्यात बोटे बुडवली.

“याहून गंगा बरी,” ते हिमानीला म्हणाले.

हिमानीने स्वयंपाकघरात डोकावून पाहिले. “काका, फ्रिज का स्टेबिलायझर एकसौ साठ दिखा रहा है. वोल्टेजच नाहीये.”

दोनशे तीसच्या जागी एकशे साठ. सरांनी डोळे मिटले, मोठ्याने म्हणत दीड हजार वॅटना एकशे साठने भागले आणि घाबरले. साडेनऊ अँपिअर! बाथरूमची वायर जुनी, सातच्या वर गेली की जळायची. हा रॉड आता लावायचाच नाही, असे जाहीर करून ते वायर गुंडाळू लागले. हे खरे असते तर पाणी ठरल्या वेळी तापले असते, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

“बिंदू.”

हाक थेट आली. हिमानी दारातच थांबली.

“वॅटवरून एकदम अँपिअरवर आलास,” दादा म्हणाले. “ओहम खाल्लास.”

“दादा?”

“व्होल्ट, ओहम, अँपिअर, वॅट. ओहम आधी. तुझी पोरं रोज म्हणतात.”

“तुम्हाला ओहम म्हणजे...”

“काय असतं ते मला माहीत नाही. पद गळलं की कळतं.” दादांनी पंचा सावरला. “इतकी वर्षं जमिनीतून वर येतंय, कान काय काढून ठेवू? आणि मागे बसणारा एक जण अँपिअर फार ओढतो. त्याला सांभाळ.”

सर पाटासमोर फरशीवर बसले, मांडी घालून, पूर्वी बसत तसे. पुन्हा पहिल्यापासून घेतले. दीड हजार वॅट हे दोनशे तीस व्होल्टचे. त्यावरून रॉडचा रोध पस्तीस ओहम. व्होल्टेज उतरले तरी तो पस्तीसच. एकशे साठ भागिले पस्तीस, साडेचार अँपिअर. एकशे साठ गुणिले साडेचार, सव्वासातशे वॅट. वायरीला धोका नव्हता. रॉडच अर्ध्यावर आला होता. आणखी अर्धा तास लागणार होता.

“लाव,” दादा म्हणाले.

स्नानाआधी वेद म्हणता येत नाही. दादांनी रॉडवरून नजर सरांकडे वळवली.

“तुझ्या त्या व्होल्ट-ओहमला स्नान लागतं का रे?”

“नाही.”

“मग म्हण. मी धरतो.”

दोघांनी सुरुवात केली. दादांनी स्वर असे लावले की हिमानीने नळ बंद केला. ओहम अँपिअर वॅटपाशी सर मागे पडले. दादांनी ते पद एकट्याने पुरे केले आणि थांबले नाहीत. तेवढ्यात लाइट गेली. बराच वेळ वाट पाहून दादांनी त्याच कोमट पाण्याने अंघोळ केली.  अंग पुसून झाल्यावर सरांना विचारले, घनपाठ कुठे सोडला होतास. सरांना मंडल, सूक्त, ऋचा, सगळे ठाऊक होते.

आता दोघे रोज पहाटे तिथून पुढे घनपाठाला बसतात. पाणी हिमानी गॅसवर तापवते.