उद्या आपली पाळी

"बिराप्पा, पानी कुठाय रं?"

हंबीररावांनी बांधावरूनच हाक दिली. पलटणीतून निवृत्त झाले तरी त्यांचा आवाज काही निवृत्त झाला नव्हता. बिराप्पानं कुळव थांबवला. रिकामं वावर त्यानं सकाळपासून असं भुसभुशीत करून ठेवलं होतं, की बघणाऱ्यानं शाबासकीच द्यावी. शेजारी कोवळा ऊस मात्र माना टाकून उभा होता. पाटाचं पाणी दिवसभर तसंच पुढं वाहत ओढ्याला मिळालं होतं.

"काल सांगितलं न्हवतं, उद्या आपली पाळी हाय म्हनून?"

"घातली की पाळी. आडवी-उभी घातली."

वडूजकडच्या कोरडवाहू रानात पाळी असते ती कुळवाची. पाणीही पाळीनं येतं, हे बिराप्पाच्या घराण्यात कुणाच्या कानावर आलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं मेली, म्हणून तो रहिमतपूरच्या बाजूला या बागायतदाराकडे सालानं राहिला होता.

"आळशी लोकं तुमी! मेंढरामागं हिंडायचं आन रान पडीक ठेवायचं. उद्या गाठोडं बांध."

बिराप्पा संतापला. "आवं मालक, डोंगर पाऊस अडवतो, त्येला कोन काय करनार? पन पाट मानसांनीच काडला न्हवं? त्यो बी तुमच्यातच फिरला. नकाशा काडताना आमी कुनाला दिसलो न्हाई. आन आळशी आमी?"

हंबीररावांनी त्याला बैलांना पाणी दाखवायला सांगितलं.

"ठेवा न्हाईतर घालवा," बिराप्पा म्हणाला, "पन मला दारं धराय शिकवा. सरीत पानी कसं सोडायचं, कवा तोडायचं, समदं."

"तुज्या रानात पानी कुठलं, येड्या?"

"यील तवा आमच्यात एकाला तरी यायला पायजे. न्हाईतर पाट दारात यील आन आमी कुळवच मारत बसू."

हंबीररावांनी त्याला ठेवला, आणि तो शिकला.

साल भरल्यावर गावी गेला. कुसळांच्या रानात त्यानं उतार धरून पाट काढला, सऱ्या पाडल्या. गावानं पोटभर चेष्टा केली. "नदी कवा येनार रं गड्या?" येणारा-जाणारा विचारी. बायको रंगूबाईनं तर अबोलाच धरला.

एका दुपारी ती भाकरी घेऊन आली. बिराप्पा वाकून वरंबा थापत होता. माती कोरडी, थापली की ढासळत होती. सऱ्या तुडवत सरळ येता आलं असतं. पण लुगडं सावरत, बांधाच्या कडेकडेनं सगळ्या रानाला वळसा घालून रंगूबाई आली.

"जेवा आता," ती म्हणाली.