घासलेटाचे चार थेंब

सुंदरबाईने जळगावच्या दवाखान्यात कॅन्सरची सलाईन हसतमुखाने घेतली. डोक्यावरचे केस गेले तेव्हा, "बरं झायं, तेलना खर्च वाचना," एवढंच म्हणाली. पण या खेपेला डॉक्टर झोपे यांनी सोबत कॅप्सूलचं पाकीट दिलं आणि बाईचं बिनसलं.

ही कॅप्सूल ती ओळखत होती. गेल्या साली नवऱ्याच्या पायात काटा मोडून पू झाला, तेव्हा चोपड्याच्या डॉक्टरने हीच दिली होती. एवढ्या मोठ्या आजाराला गळवाची गोळी? म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, आता नुसती समजूत काढतायत. तिने पाकीट देवाच्या कोनाड्यात ठेवलं आणि पुढच्या सलाईनलाही येणार नाही म्हणून सांगून टाकलं.

तिचा नवरा कौतिक पाकीट कोनाड्यातून काढून पुन्हा पुन्हा तिच्यापुढे ठेवू लागला. डॉक्टर म्हणाले होते, "सलाईन गाठीला मारते. या गोळीने तिची वाढ रोखता येते का, ते बघतोय. खात्री देत नाही, पण आशा आहे." कौतिकने हे परत परत सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी.

मग गड्याने डोकं चालवलं. बायकोला बैलगाडीत घालून केळीच्या मळ्यात नेलं, बांधावर बसवलं आणि केळीच्या बुडाशी उगवलेली पिलं विळ्याने कापू लागला. घासलेटची बाटली मुद्दाम गाडीतच ठेवली.

"घासलेट कोन टाकी?" सुंदरबाई करवादली. "नुसतं कापं ते पिल पुन्हा वर येस."

"घासलेट ते कंदीलनं शे," कौतिक भोळा चेहरा करून म्हणाला. "पिलले कसाले?"

ती उत्तर द्यायला गेली आणि थांबली. लग्न होऊन आल्यापासून कापलेल्या पिलावर कंदिलातल्याच घासलेटाचे चार थेंब तीच टाकत आली होती. तिने नवऱ्याकडे रोखून पाहिलं आणि तिला हसूच फुटलं.

"भलता लबाड माणूस शे," ती म्हणाली. "चाला घर. गोळी लेवानी शे."

दोन सलाईननंतर डॉक्टरांनी मानेवरची गाठ मोजली. आधी खेपेगणिक वाढत होती, ती आता होती तेवढीच होती. "नेमकी कशाने थांबली ते सांगता येणार नाही, सुंदरअक्का," डॉक्टर म्हणाले, "पण थांबलीय." कौतिकला तिथेच रडू आलं आणि सुंदरबाईने सगळ्या दवाखान्यादेखत पदराने त्याचे डोळे पुसले.

एस.टी.तून उतरल्यावर ती थेट मळ्यात गेली. पुढच्या पिकासाठी प्रत्येक बुडाशी एक पिल राखतात. ते दरवर्षी तीच निवडायची, यंदा मात्र तिने तिकडे बघितलंही नव्हतं. ती वाकली आणि एका पिलावर हात ठेवला.

"हाई राहू द्या. पुढला सालना घड मी उतारसू."

कौतिकने त्या पिलाशेजारी खुणेची काठी रोवली.